मंडळीतला रॉक बँड रविवारच्या उपासनेत कसा बसवावा?

नगरी_तारा यांचा प्रश्न

सर्वांना जय ख्रिस्त.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका जुन्या मराठी मंडळीचा मी सभासद आहे. (मंडळीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, ज्यांना ओळखायचे ते ओळखतीलच.) तीन वर्षांपूर्वी आमच्या तरुण संघातल्या पाच जणांनी मिळून एक रॉक बँड सुरू केला. दोन गिटार, एक बेस, ड्रम्स आणि कीबोर्ड एवढाच संसार. नाताळच्या आधी घरोघरी गाणी म्हणत फिरताना जमलेला हा मेळ होता. पुढे आसपासच्या गावांतल्या युवा मेळाव्यांची बोलावणी येऊ लागली, गाण्यांच्या मधे आम्ही आपापली साक्ष सांगू लागलो, आणि याला नुसती हौस न म्हणता संगीतसेवा म्हणावे असे आम्हाला वाटू लागले.

अडचण रविवारच्या उपासनेत आली. गेल्या पुनरुत्थानदिनी पाळकसाहेबांनी आम्हाला तीन गाणी दिली. त्यांतली दोन इंग्रजी स्तुतिगीतांची आम्हीच केलेली भाषांतरे होती आणि तिसरे नारायण वामन टिळकांचे एक जुने पद, ज्याला आम्ही नवी चाल लावली होती. पहिल्या दोन गाण्यांना मागच्या बाकांवरून साथ मिळाली नाही, त्याचे फारसे वाईट वाटले नाही. तिसऱ्या वेळी मात्र दुसऱ्या बाकावरच्या एका आजींनी, ज्यांना ‘उपासना संगीत’ जवळजवळ पाठ आहे, हौसेने पुस्तक उघडले. पहिली ओळ त्यांनी आमच्याबरोबर धरली, दुसऱ्या ओळीला त्या अडखळल्या, आणि तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटून त्यांनी चष्मा डबीत घातला. मी गात होतो आणि ते झाकण मिटताना मला दिसत होते. ड्रम्सपुढे त्याचा आवाज अर्थातच ऐकू आला नाही.

नंतर पंचांच्या बैठकीत तीन आक्षेप घेतले गेले. हे संगीत परके आहे, हा पहिला. आवाज सोसवत नाही, हा दुसरा. आणि बँड उभा राहिला की मंडळी गायची थांबते व ऐकत बसते, हा तिसरा. पहिल्यावर मी वाद घालू शकतो आणि दुसऱ्यावर काही उपाय निघेल, पण तिसरा आक्षेप खरा आहे हे मी स्वतः पाहिले आहे. ज्यांच्या मंडळीत असा बँड रुळला आहे, किंवा रुळला नाही, त्यांनी कृपया अनुभवाने सांगावे.

काळी_चारची_पेटी

आपल्या पंचांचा पहिला आक्षेप मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेला आहे, फक्त तेव्हा तो तबल्याविषयी होता. तबला आला की तमाशा आला, असे आमच्याकडचे एक वडीलधारे गृहस्थ म्हणत; आज तोच तबला ‘आपला’ झाला आहे आणि परके ठरण्याची पाळी ड्रम्सवर आली आहे. मी वाजवतो त्या पेटीची कथा याहून मजेदार आहे. हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये घडले, साहेबांबरोबर आणि मिशनऱ्यांबरोबर इकडे आले, पायाचा भाता हातावर आणण्याची सोय कलकत्त्यात झाली, आणि घरोघरी, देवळोदेवळी पोहोचल्यानंतरही हे वाद्य भारतीय संगीताला परके आहे म्हणून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला दाराबाहेर ठेवले. आपले पंच ज्या वाद्याला बापजाद्यांचे समजतात त्याचा हा इतिहास आहे.

आपण नगरचे, म्हणून आणखी एक गोष्ट. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ मध्ये सुरू झाले, आणि त्या काळी मंडळीत गायली जाणारी बरीचशी गीते इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे होती, चालीही तिकडच्याच. पुढे त्याच शतकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तन हाती घेतले. उभा कीर्तनकार, मागे साथीदार, पूर्वरंग आणि उत्तररंग हा सगळा देवळातला थाट. त्यातून त्यांनी पवित्र शास्त्रातली आख्याने लावली. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत १८९५ मध्ये झाला, ते नगरला येऊन राहिले, आणि त्यांनी अभंग, ओवी, भजन यांचा जो ओघ मंडळीत आणला त्यावर आपण अजून जगतो आहोत. म्हणजे आज जे परंपरा म्हणून सांगितले जाते तेही कोणे एके काळी बाहेरूनच आत आले होते.

विरोधाचेच म्हणाल तर मुक्तिफौजेची, म्हणजे साल्व्हेशन आर्मीची, आठवण ठेवा. सप्टेंबर १८८२ मध्ये त्यांची चार माणसे मुंबईच्या धक्क्यावर उतरली, वाजवत-गात रस्त्यातून मिरवणुका काढू लागली, आणि पोलिसांनी त्यांना धरले. त्यांचे पुढारी फ्रेडरिक टकर, जे देशी कपडे घालून फकीर सिंग नावाने वावरत, त्यांना तुरुंगातही जावे लागले. आपल्यावर केवळ पंचांची बैठक बसली, हे त्या मानाने सौम्यच म्हणायचे.

परंतु हा वाद जिंकून आपल्या हाती काही लागणार नाही, कारण त्या आजींनी पुस्तक मिटले ते गिटार परकी वाटली म्हणून नव्हे. पहिली ओळ त्यांनी गिटारबरोबरच म्हटली होती, हे आपणच लिहिले आहे. टिळकांची पदे गावोगाव गेली, कारण ज्या बाईला अक्षर वाचता येत नव्हते तिलाही पुढच्याने म्हटलेले धृपद उचलून म्हणता येत होते. आपल्या तीन गाण्यांत मंडळीने उचलावे असे धृपद होते का, आणि ते किती वेळा परत आले, हे आधी तपासावे.

मात्रा_मोजणारी

मी शाळेत मराठी शिकवते आणि मंडळीच्या गायनवृंदात गाते. आमच्याकडच्या मुलांचाही असाच बँड आहे, आणि त्यांच्या गाण्यांच्या वह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आपोआप आले आहे. काळी_चारची_पेटी सरांनी धृपदाचे सांगितले, त्याच्याही आधीची एक गोष्ट मला सांगावीशी वाटते.

इंग्रजी गाण्याची चाल शब्दातल्या आघातावर उभी असते. जे अक्षर जोराने उच्चारायचे ते तालाच्या ठोक्यावर येते आणि तेच लांबवले जाते. मराठीत अक्षराला वजन मिळते ते ऱ्हस्व-दीर्घाने. भाषांतर करताना मुले अर्थ नेटका आणतात, अक्षरेही मोजून बसवतात, पण लांबवायच्या सुराखाली ऱ्हस्व अक्षर येते. मग ‘प्रिय’चे ‘प्रीऽय’ होते, ‘तुझी’चे ‘तूऽझी’ होते, आणि ‘दया’तला ‘द’ चार मात्रा ताणला जातो. गाणाऱ्याला ते खटकत नाही, कारण त्याच्या कानात मूळ इंग्रजी गाणे वाजत असते. बाकावरच्या माणसाच्या कानात ते नसते, त्यामुळे कुठे ताणायचे आणि कुठे सोडायचे याचा अंदाज त्याला येत नाही, आणि दोन ओळींत तो गप्प होतो.

आपल्या तिसऱ्या गाण्याचे, म्हणजे टिळकांच्या पदाचे, बहुधा उलटे झाले असावे. शब्द मराठी वृत्तात आणि चाल बोलण्याच्या उच्चारात. अभंगाचे उदाहरण घेऊ. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अशी अक्षरे असतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. एक ओळ मी इथेच जुळवते: ‘उजाडले आज, दगड सरला, अंधार हरला, कबरीत.’ यात ‘आज’ची अक्षरे दोन मोजली आहेत. बोलताना आपण ‘आज्’ असे एकाच झटक्यात म्हणतो, परंतु भजनात शेवटचा ‘ज’ पूर्ण उच्चारावा लागतो, तेव्हाच चरण सहा अक्षरांचा भरतो. बँडमधला गायक माइकवर बोलल्यासारखा गातो, ते अंत्य ‘अ’ गिळतो, आणि चरण लंगडा होतो. ‘दगड’ आणि ‘कबरीत’ या शब्दांच्या शेवटीही हेच घडते. ज्या आजींना पद पाठ आहे त्या प्रत्येक ठिकाणी एक अक्षर मागे राहतात, आणि तिसऱ्या ओळीला पुस्तक मिटतात. त्यांची चूक नाही.

याच ओळीवर रॉकचा ठेका बसवता येत नाही असे मात्र नाही. सहा अक्षरांना सहा मात्रा आणि पुढे दोन मात्रांचा विसावा धरला की आठ मात्रांचे एक आवर्तन, म्हणजेच चार ठोक्यांचा एक बार भरतो; शेवटच्या चार अक्षरांना तेवढीच जागा दिली की ती सैल होऊन खाली बसतात, आणि संपूर्ण ओळ चार बारमध्ये येते. ड्रम वाजवणाऱ्याला यापेक्षा सोयीचे काय हवे? खरी अडचण टाळीची येते. भजन गाणाऱ्याचा हात समेवर पडतो आणि रॉकमध्ये स्नेअर, म्हणजे तडतडीत आवाजाचा छोटा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे टाळी देणाऱ्याला आपलेच चुकते आहे असे वाटून तो हात खाली घेतो. आमच्या मुलांनी यावर काढलेला तोडगा असा: धृपद चालू असताना स्नेअर बंद, पहिल्या ठोक्यावर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि वर खंजिरी, कडव्यांत, जिथे गायक एकटाच गातो, तिथे ड्रमवाल्याने हवे ते वाजवावे. तो नाराज होता, पण मंडळी गाऊ लागल्यावर त्याचीही कळी खुलली.

शेवटी पट्टी. गिटारला सोयीची म्हणून आणि मुख्य गायकाचा आवाज वर चमकतो म्हणून मुले एखादी पट्टी धरतात. पुरुषांना साधारण काळी एक आणि बायकांना काळी चार-पाच सोयीची असते. मंडळी दोघांची मिळून बनलेली असल्याने गाण्याचा पल्ला एका सप्तकाच्या आसपास ठेवावा, नाहीतर धृपदाच्या सर्वांत वरच्या सुरावर अर्धी मंडळी तोंड मिटून घेते. गिटारवाल्यांकडे कॅपो, म्हणजे तारांवर लावून पट्टी बदलायची पकड, असतोच. तो सरकवायला अर्धे मिनिट लागते.

वसईचा_पाहुणा

आम्ही वसईकडचे कॅथलिक, त्यामुळे आमची वाट थोडी वेगळी. दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात झाली आणि तिने लोकभाषेतल्या उपासनेला दार उघडून दिले, तोवर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. त्यामुळे मराठी गायन हेच आमच्या आजोबांच्या पिढीला नवीन होते, आणि लग्नाच्या वरातीत ब्रास बँड मात्र घरचा. ‘परके’ आणि ‘घरचे’ यांच्या जागा आमच्याकडे अगदी उलट्या होत्या.

गोव्यात याहून जुना दाखला आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले आणि ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे ११,००० ओव्या. त्यांनी लोकांना लॅटिन छंद शिकवत बसण्यापेक्षा लोकांचा छंद स्वतः शिकून घेतला, आणि ते पुराण पुढे पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले. मात्रा_मोजणारी ताईंच्या म्हणण्याला हा चारशे वर्षांचा दुजोरा समजावा.

नगरी_तारा

ताई, आपला प्रतिसाद आम्ही काल सरावाच्या वेळी मोठ्याने वाचला. आपली जुळवलेली ओळ आम्ही दोन्ही प्रकारे म्हणून पाहिली, आणि ‘आज’चा ‘ज’ पूर्ण म्हटल्याबरोबर आमच्या बेसवाल्याने, जो कधी बोलत नाही, “आत्ता बसलं,” असे म्हटले. भाषांतरांत ताणलेली ऱ्हस्व अक्षरे आम्ही लाल शाईने खुणावली. एकाच गाण्यात चौदा निघाली.

आणखी दोन शंका आहेत. आमचे चर्च दगडी आणि उंच छताचे आहे. तिथे ड्रम्सचा आवाज कसा आवरावा? आणि आमची भाषांतरित गाणी यूट्यूबवर टाकली तर चालेल का?

घुमटाखालचा_मिक्सर

मी ध्वनियंत्रणेचे काम करतो. दगडी भिंती आणि उंच छत म्हणजे प्रत्येक ठोका परत येऊन पुढच्या ठोक्याला भेटणार, आणि अशा जागेत ड्रम्सना माइक लावण्याची गरजच नसते. घाई करून ड्रम्सभोवती प्लास्टिकचा पडदा घेऊ नका; आधी लाकडी काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुडीचे रॉड्स वापरा, झांजा कमी करा, किकमध्ये जुने ब्लँकेट भरा आणि ड्रम्सखाली जाड सतरंजी टाका. लहान उपासनेला कहोन, म्हणजे बसून हाताने वाजवायची पेटी, पुरेशी आहे. गिटारचे अँप्लिफायर मंडळीकडे तोंड करून जमिनीवर ठेवू नका; ते वादकाच्या गुडघ्यावर वाजतात आणि पहिल्या दोन बाकांच्या कानात जातात. ते तिरके उचलून वादकाकडे वळवले की तो स्वतःच आवाज कमी करतो. आपल्या आजी दुसऱ्या बाकावर बसतात, हे विसरू नका.

आवाज बसवताना मी एकच कसोटी लावतो. मधल्या बाकावर उभे राहून सगळ्यांबरोबर गायचे. शेजारच्या माणसाचा आवाज ऐकू आला नाही तर बँड मोठा आहे. शेजारी ऐकू येईनासा झाला की माणूस गाणे सोडतो, आणि आपला तिसरा आक्षेप अर्धा तरी इथेच सुटेल असे मला वाटते.

पुनरुत्थानदिनाच्या पहाटेची उपासना उघड्यावर घेत असाल तर एक सूचना. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्रीची ४५ आहे. उषःकालची उपासना पाचला असेल तर ती पेटी आणि गळ्यावरच करावी. ती तशीच छान लागते.

दौतीतला_कायदा

यूट्यूबविषयी. प्रत्यक्ष धार्मिक विधीच्या ओघात गाणे सादर करण्यास १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, सूट आहे. परंतु ती सूट ध्वनिमुद्रण करून जगाला वाटण्यापर्यंत पोहोचते असे समजू नये. भाषांतर करण्याचा हक्कही मूळ हक्कधारकाचाच असतो, म्हणून आजच्या परदेशी गाण्याचे भाषांतर प्रसिद्ध करण्यापूर्वी लेखी परवानगी घ्यावी. टिळकांचे तसे नाही. आपल्याकडे गीतावरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि टिळक १९१९ मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या शब्दांना आपण खुशाल नवी चाल लावावी. चाल मात्र आपली हवी. एखाद्या हयात संगीतकाराने बसवलेली उचलू नये.

निवृत्त_पाळक

सर्व प्रतिसाद वाचले. गाणे कसे बसवावे याविषयी इतके चांगले मार्गदर्शन मला माझ्या सेवाकाळात मिळाले असते तर अनेक रविवार वाचले असते. तरीही माझे मत थोडे निराळे आहे, आणि ते आपल्या बँडला आवडणार नाही.

ख्रिस्ती रॉकचा जन्म उपासनेसाठी झालेला नाही. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात जी तरुण मुले चर्चच्या पायरीवरही येत नव्हती त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी हे संगीत आले. लॅरी नॉर्मन यांची पहिली एकल तबकडी १९६९ मध्ये निघाली. १९७२ मध्ये ‘पेट्रा’ हा बँड उभा राहिला. आणि ऐंशीच्या दशकात काळे-पिवळे पट्टे घातलेले ‘स्ट्रायपर’ श्रोत्यांमध्ये नव्या कराराच्या प्रती फेकत असत. हे सगळे मंचावरचे संगीत आहे, समोर श्रोते धरून केलेले. त्यात बाकावरच्या माणसाने गायचे नसते, ऐकायचे असते. आपल्या पंचांनी तिसऱ्या आक्षेपात जे सांगितले तो या संगीताचा दोष नसून त्याचा स्वभाव आहे.

म्हणून माझी सूचना अशी की रविवारची सकाळ थोडे दिवस पेटीकडे राहू द्यावी आणि बँडने आपली सेवा बाहेर न्यावी. महाविद्यालयाचे वसतिगृह, व्यसनमुक्ती केंद्र, बाजाराच्या दिवशीचा चौक. आमच्या मंडळीतली मुले दर महिन्याच्या एका शनिवारी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत गिटार घेऊन जात असत. तिथे कोणी परके-आपले विचारत नसे, फक्त मागच्या वेळचे गाणे पुन्हा म्हणा असे सांगत. संगीतसेवा या शब्दात संगीत आधी आले आहे खरे, पण आपल्या वेळेचा हिशेब घातला तर सरावाला किती तास आणि माणसांना भेटायला किती तास जातात, हे पाचही जणांनी एकदा कागदावर मांडावे.

मात्रा_मोजणारी

पाळकसाहेबांचा आदर राखून एवढेच म्हणते की मुलांना बाहेर पाठवले आणि आत जागा दिली नाही, तर ती बाहेरच राहतील. आमच्याकडे दोघे तसे गेले. बाहेरची सेवा हवीच, परंतु महिन्यातून एका रविवारी एक गाणे तरी त्यांचे असावे.

काळी_चारची_पेटी

सहमत. आणि त्या एका गाण्याला पेटीवाल्याला बँडमध्ये बसवा. म्हाताऱ्याला राग येणार नाही.

नगरी_तारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पाळकसाहेबांनी सुचवलेला हिशेब मांडला. आठवड्याला सहा तास सराव आणि भेटीगाठी शून्य. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, म्हणून लिहीत आहे.

काल पंचांच्या परवानगीने असे ठरले की उपकारस्तुतीच्या रविवारपर्यंत उपासनेत बँड वाजवणार नाही, आणि तोवर दर दुसऱ्या शनिवारी आम्ही जवळच्या दोन वस्त्यांवर जाऊ. उपकारस्तुतीला एकच पद घेऊ, टिळकांचेच, जुन्या चालीत. धृपदाला स्नेअर नाही, कडव्याला एकच गिटार, आणि आमच्या मंडळीचे पेटीवाले काका मधे बसतील. त्यांनी होकार देताना पट्टी मीच ठरवणार अशी अट घातली आहे.

चाल नीट कळावी म्हणून मी त्या आजींच्या घरी गेलो होतो. त्यांनी पुस्तक न उघडता सहाही कडवी म्हणून दाखवली, मी फोनवर ध्वनिमुद्रण केले, आणि चौथ्या कडव्यात मी गिटारवर चुकीचा कॉर्ड धरला तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवले व ती ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हटली. ‘आज’ हा शब्द त्या पदात दोनदा येतो. दोन्ही वेळा त्यांनी ‘ज’ पूर्ण म्हटला.